चौदावं घड्याळ

माझ्या वडिलांनी आयुष्यभर काळाची उपासना केली. हे वाक्य माझं नाही. ते गेल्यावर शाळेने जी शोकसभा घेतली तीत एका वक्त्याने ते म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी डोळे मिटून म्हटलं. सभा पाऊण तास उशिरा सुरू झाली होती. वक्त्याला आधार एवढाच होता की अण्णांकडे चौदा मनगटी घड्याळं होती, आणि चौदा घड्याळं बाळगणारा माणूस काळाचा उपासक असणार असं कुणालाही वाटेल. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि पदर तोंडाला लावून होते. लोकांना वाटलं मी रडते आहे. त्या चौदांपैकी एकाही घड्याळात अण्णांनी किती वाजले ते पाहिल्याचं मला आठवत नाही.

वेळ पाहायची गरजच नव्हती. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि एक गच्ची, जिच्यावर सकाळी घातलेले पापड दुपारी जेवण होईपर्यंत कडकडीत वाळलेले असत. वेळ सांगायला मिलचा भोंगा होता. पहिल्या भोंग्याला आई स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्याला अण्णा आंघोळीला जायचे, आणि त्यापुढच्याला मी कॉलेजला उशीर झाला म्हणून आरडाओरडा करायचे. भोंगा कधी चुकत नसे. चुकला असेल तरी सगळं गाव त्याच्याबरोबर एकदम चुकत असल्यामुळे कुणाला कळायचं नाही. आता भोंगा नाही. प्रत्येकाच्या खिशात अचूक वेळ आहे आणि लग्नाची पंगत चार वाजता बसते.

अण्णा शाळेत हेडक्लार्क होते, आणि हेडक्लार्कच्या मनगटावर घड्याळ असलंच पाहिजे अशी हेडमास्तरांची समजूत होती. अडचण मनगटाची होती. अण्णांचं मनगट काडीसारखं, बाहेरच्या बाजूला बोराएवढं हाड आलेलं, आणि कातडी अशी नाजूक की चैत्रात घाम आला की पट्ट्याखाली पुरळ उठायचं. कोणतंही घड्याळ हातावर दोन तास राहिलं की ते त्याचा निकाल देत. निकाल तीनच प्रकारचे असत. पट्टा रुतला तर 'चावतं'. साखळीत केस अडकले तर 'ओरबाडतं'. तिसरा निकाल सगळ्यांत वाईट, तो देताना अण्णांचा आवाज खाली यायचा. ते म्हणायचे, "हे मिरवतं."

मिरवणारी घड्याळं सगळी समारंभातून यायची. अण्णांचा संग्रहच मुळी इतर लोकांच्या मानसन्मानावर उभा होता. कुणी निवृत्त झालं, कुणाचा सत्कार झाला, कुणी जावई झालं, की त्याला घड्याळ मिळायचं. आणि असं घड्याळ घेणारे लोक ते शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला दिसावं म्हणून घेतात, ज्याच्या हातात पडणार त्याच्यासाठी नाही. महिनाभराने तो सत्कारमूर्ती संध्याकाळी आमच्याकडे यायचा, मनगट चोळत. "हेडक्लार्कसाहेब, तुम्हाला घड्याळांची आवड आहे असं ऐकतो," अशी सुरुवात व्हायची. अण्णा ते ठेवून घेत आणि मागितलंच तर त्या बदल्यात त्याला आधीचं, तुलनेने कमी चावणारं एखादं देत. अशा रीतीने पेठेतल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांच्या हातात दुसऱ्या निम्म्यांचा सत्कार बांधलेला असे.

घड्याळं ठेवायची आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात. त्यात सात वाट्या असतात, म्हणून आधी सात घड्याळं झाली. मग आईने नवीन घेतलेला मिसळणाचा डबाही गेला आणि चौदा झाली. हळद, मोहरी, जिरं वर्तमानपत्राच्या पुड्यांत राहायला गेलं. "पंधरावं आणलंत तर मी फोडणीच द्यायची बंद करेन," असं आईने बजावलं होतं, आणि अण्णा आईच्या फोडणीला वचकून असत. डबे धुऊन घेतले होते तरी हिंगाचा वास काही गेला नाही. शाळेत पगारपत्रकावर सही करायला शिक्षक अण्णांच्या हाताजवळ वाकले की त्यांना भूक लागायची.

आता माझी नात म्हणते, पणजोबा घड्याळांचे कलेक्टर होते. तिने मला एक घड्याळ आणून दिलं आहे, ते पावलं मोजतं आणि मी बसून वाचत असले की मनगटाला हिसका देऊन उठा म्हणतं. अण्णांना त्याच्यासाठी चौथा निकाल शोधावा लागला असता.

तर या मनगटाच्या प्रश्नाचा उलगडा अण्णांना झाला तो कासारणीमुळे. आमच्या गल्लीत एक कासारीण यायची, जोत्यावर बसायची, आणि पाच मिनिटांत आईच्या दोन्ही हातांत बारा-बारा बांगड्या भरून पुढे जायची. एका रविवारी अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बघत राहिले.

"काय बघताय, भाऊ?" कासारणीने विचारलं.

"ह्या तिला चावत नाहीत?"

"कशाला चावतील? माप हाय की."

अण्णा उठले ते वेगळेच माणूस होऊन उठले. दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. आईच्या हातात चोवीस बांगड्या आहेत, ती त्यांच्यासकट भाकऱ्या थापते, धुणं धुते, झोपते, आणि एकदाही तक्रार नाही. आणि अख्ख्या सोलापुरातला एकेक पुरुष एका घड्याळाने बेजार आहे. कारण काय? बायकांचा हात मोजतात. पुरुषाचा हात आजवर कुणी मोजलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कासारणीकडून सव्वादोनपासून पावणेतीनपर्यंत प्रत्येक मापाची एकेक हिरवी बांगडी आणली, सुतळीत ओवली, आणि ती माळ खुंटीला टांगली. आई म्हणाली, "पाहुणे आले तर काय सांगू?" अण्णा म्हणाले, "उपकरण आहे म्हणून सांग."

या उपकरणाच्या आधाराने चौदावं घड्याळ जमलं. मूळचं ते चित्रकलेच्या मास्तरांना निरोपाला मिळालेलं, चपटं, लहानसं. अण्णांनी त्याची साखळी काढून टाकली आणि आईच्या एका जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीच्या काठाचा पट्टा शिवून घेतला. तरीही ते थोडं चावायचं. मग चाचांकडे फेऱ्या सुरू झाल्या. चाचा म्हणजे चौकातले घड्याळजी. फळीवर काचेचं कपाट, डोळ्याला भिंग, आणि बोलणं दखनी. अण्णा चार वेळा गेले आणि चारही वेळा एकच म्हणाले, "आणखी हलकं करा." चौथ्या वेळी मी बरोबर होते. चाचांनी भिंग डोळ्यावरून वर ढकललं. "हेडक्लार्कसाब, और हलका? अब इसमें से क्या निकालूं मैं?" अण्णांनी मला कोपऱ्यावरून लिंबं आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा चाचा मान हलवत हसत होते आणि अण्णा घड्याळ हातात बांधून निघाले होते.

त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी घरात गोंधळ उडाला. अण्णांनी दोन्ही डबे पालथे घातले, गादी उलटली, मला सदऱ्याचे खिसे तपासायला लावले. चौदावं सापडेना.

"आत्ता तर होतं. गेलं कुठं?"

आई भाकरी परतत होती. मान न वळवता तिने विचारलं, "हातात काय आहे?"

अण्णांनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं. दोन दिवस होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. ते पाटावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते माझ्या लग्नातसुद्धा आलं नाही. "आवडे," ते आईला म्हणाले, एरवी ते तिला नावाने कधी हाक मारत नसत, "हे चावत नाही."

माझं लग्न मी सहज बोलून गेले, पण ते जमत आलं होतं आणि मोडलं होतं, आणि तेही बांगड्यांवरून.

मुलगा श्रीपूरला साखर कारखान्यात केमिस्ट होता. नाव माधव. घर केम गावचं, शेतीवाडीचं. वडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेलं, त्यामुळे मामांचा शब्द अखेरचा. मामा गावातल्या सोसायटीचे चेअरमन होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, आणि स्वतःविषयी बोलतानाही ते रावसाहेब असंच म्हणत. मला पाहायला आले त्या दिवशी रावसाहेब अर्धा तास बोलले आणि माधव एकही शब्द बोलला नाही. मात्र पोह्यांची बशी समोर आली तेव्हा त्याने हातातलं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं, मनगट हळूच खाजवलं, आणि मग चमचा उचलला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. त्याआधी मला दोघे पाहून गेले होते. एकाने मला सुईत दोरा ओवायला लावला होता आणि दुसऱ्याचे वडील चालून दाखव म्हणाले होते. माझ्यासमोर स्वतः अवघडलेला असा हा पहिलाच. मी आत जाऊन आईला सांगितलं की मला हा चालेल. आई म्हणाली, "चालेल काय, आंबा आहे का?" पण तिलाही तो आवडला होता. त्याने पोहे दुसऱ्यांदा घेतले होते.

पुढे याद्यांची बैठक. देण्याघेण्याचं काय ते दोन्ही घरांनी समोरासमोर बसून कागदावर लिहायचं, तिला याद्या म्हणतात. आईने बेसनाचे लाडू केले होते आणि चिवड्यात खोबरं नेहमीपेक्षा जाड घातलं होतं. कार्यालय, पंगती, मानाच्या साड्या, अण्णा सगळ्याला हो म्हणत गेले. मग रावसाहेबांनी घसा साफ केला आणि सभेतल्या मराठीत सांगितलं, "आता एक महत्त्वाचा विषय. जावयाला घड्याळ. ते सोनेरी असावं, भरघोस असावं, आणि मांडवातल्या प्रत्येक माणसाच्या नजरेस यावं, अशी रावसाहेबांची इच्छा आहे."

अण्णा म्हणाले, "घड्याळ मी देणारच आहे. पण मापाने देईन. माधवराव, जरा हात द्या."

आणि त्यांनी खुंटीवरून ती माळ काढली. खोलीत मंगळागौरीसारखा किणकिणाट झाला. माधवने हात पुढे केला होता. अण्णांनी सुतळी सोडली, अडीचची बांगडी निवडली, त्याची चार बोटं जवळ धरली, अंगठा आत दुमडला, आणि कासारणीच्या सफाईने बांगडी मनगटावर सरकवली.

"ह्ये काय चाललंय?" सभेतलं मराठी संपलं होतं.

"माप घेतोय."

"आमच्या पोराच्या हातात बांगड्या भरताय व्हय तुमी?"

"भरत नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "घालून लगेच काढणार."

एवढ्याने भागलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण अण्णांना विषय समजावून सांगायचा होता. "रावसाहेब, गैरसमज होतोय. तुमचाही हात द्या, तुम्हाला कळेल. तुमचं माझ्या अंदाजाने पावणेतीन."

रावसाहेब उठले. काठी आपटली. "माधव, ऊठ. मर्दाच्या हातात बांगड्या घालणाऱ्या घरात पाणीसुदा प्यायचं न्हाय." आणि ते जिना उतरायला लागले. माधव उठला, पण बांगडी तशीच हातात. जिन्याच्या तोंडाशी मी उभी होते. त्याने ती काढली, माझ्या हातात दिली, आणि खालून मामांची हाक येत असताना हळू आवाजात म्हणाला, "अडीचची सैल होते." आमच्यात झालेलं हे पहिलं संभाषण.

"मुलगा साखर कारखान्यातला," आई लाडवांचा डबा बंद करत म्हणाली, "आणि तोंडात साखरसुद्धा न घालता गेले."

तीन आठवडे काही निरोप नाही. आई अण्णांशी बोलायची बंद झाली आणि शेंगाची चटणी तिखट होत गेली. अण्णा डोळ्यांतून पाणी काढत खात. त्यांनी माळ खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवली. घड्याळही बांधेनासे झाले, चौदावंसुद्धा. एका संध्याकाळी मला गच्चीवर बोलावून म्हणाले, "सुमे, मी रावसाहेबांना माफीचं पत्र लिहितो." लिहिलं. मी वाचलं. पहिल्या दोन ओळींत माफी होती आणि पुढच्या दीड पानात मापाचं महत्त्व. दुसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा माफी एका ओळीवर आली. तिसऱ्यांदा आकृती काढली. मी तिन्ही फाडली. वडील चुकले असं मला वाटत नव्हतं, आणि त्यांच्या बरोबर असण्यापायी मी मात्र त्या घरात जन्मभर हिंगाचा वास घेत बसणार, हेही दिसत होतं. आमच्यासारख्या घरात मोडलेल्या बैठकीची बातमी नव्या स्थळाच्या आधी पोहोचते. आणि मला नवं स्थळ नको होतं.

म्हणून मी एक काम केलं, जे तेव्हाच्या मुली करत नसत. शिवणाच्या मशीनवरचा हातभर पांढरा दोरा तोडला, पाकिटात घातला, आणि सोबत चार ओळी लिहिल्या. बैठकीत एक काम अर्धवट राहिलं. सोबत दोरा आहे. डाव्या मनगटाला, हाडाच्या खालून, सैलसर धरून गाठ मारावी आणि परत पाठवावा. खाली नाव. वर पत्ता कारखान्याच्या प्रयोगशाळेचा. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला आणि मला वाटलं हात घालून ते काढावं, पण माझा हात त्या फटीत जात नव्हता. तिथेही मापच आडवं आलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटात दोऱ्याचं वेटोळं, घट्ट गाठ मारलेलं. बरोबरचा कागद असा: तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकच आलं. उजव्या हाताचंही घेतलं, फरक नाही. आजवरचं प्रत्येक घड्याळ मला चावलं आहे, हे आपल्या वडिलांना सांगावं. मामांशी मी बोलतो.

लग्न झाल्यावर लोक विचारायचे, तुमचा पत्रव्यवहार होता का? होता. तो एवढाच.

मी ते वेटोळं अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पत्र वाचलंच नाही, आधी दोरा उचलला. डबा काढला, चौदावं बाहेर घेतलं, त्याचा पट्टा नेहमीच्या भोकात अडकवला आणि वेटोळं वरून सरकवलं. ते केसभरही इकडेतिकडे झालं नाही. अण्णांनी ते दोऱ्यासकट माझ्यापुढे सरकवलं. आत आई पाट्यावर चटणी वाटत होती, तिचा वाटण्याचा आवाज थांबला.

"हे तुमचं आहे, अण्णा," मी म्हटलं. "तेरा आहेत की दुसरी."

"ती चावतात," अण्णा म्हणाले. "हे जाईल."

आई बाहेर आली. तीन आठवड्यांनी ती त्यांच्याशी बोलली. "उद्यापासून चटणी कमी तिखट करते."

रावसाहेबांना माधवने काय सांगितलं ते मला अनेक वर्षांनी कळलं. तो म्हणाला होता, "मामा, बांगडी घातल्याने मी बायल्या होत असेन तर होऊ दे, पण लग्न तिथंच करणार." मामांनी दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी अट घातली: सोनेरी घड्याळ पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि ते लग्नात सगळ्यांसमोर पाहिजे. अण्णांनी ती मान्य केली. त्यांनी सोलापुरात मिळेल तेवढं मोठं सोनेरी घड्याळ आणलं. सीमांतपूजनाला रावसाहेबांनी स्वतः माईक हातात घेतला, माधवचा हात कोपरापासून वर धरला, आणि शेवटच्या रांगेला विचारलं, "दिसलं का?" शेवटच्या रांगेने दिसलं म्हणून सांगितलं. अक्षता पडेपर्यंत त्या घड्याळाने माधवच्या मनगटाला लाल कडं केलं होतं. संध्याकाळी त्याने ते सोडलं, अण्णांची परवानगी घेतली, मामांच्या पाया पडला आणि म्हणाला, "हे तुमच्याच हातात शोभतं." रावसाहेबांनी नाही नाही म्हणत हात पुढे केला. मग अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौदावं काढलं, आणि कुणालाही दिसणार नाही असं जावयाच्या हातात बांधलं.

सोनेरी घड्याळ केममध्ये वर्षभर गाजलं. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ते वर जायचं. मग मी माहेरी आले असताना एका दुपारी जिन्यावर काठीचा आवाज झाला. रावसाहेब एकटेच. पाणी प्यायले. ऊस कसा आहे ते सांगितलं, पाऊस कसा नाही ते सांगितलं, माझी चौकशी केली, पुन्हा उसावर आले. अण्णा वाट पाहत होते. शेवटी रावसाहेबांनी उठून दार लोटून घेतलं, बाही वर केली, आणि मनगट अण्णांसमोर धरलं. पुरळ हिरव्या मिरचीच्या बियांसारखं उठलं होतं.

"ओरबाडतं?" अण्णांनी विचारलं.

"लई," रावसाहेब म्हणाले. थोडं थांबून, खिडकीकडे बघत, "त्ये तुमचं उपकरण हाय का अजून?"

ट्रंकेतून माळ निघाली. अण्णांचा अंदाज पावणेतीनचा होता आणि अण्णांचा स्वतःच्या अंदाजावर विश्वास होता. बांगडी बोटांवरून गेली, अंगठ्यावरून मोठ्या कष्टाने गेली, आणि मनगटावर जाऊन बसली. माप मिळालं. अण्णांनी वहीत टिपलं. मग ती निघेना. आईने साबण दिला, गोडं तेल दिलं. रावसाहेबांचा हात आधीच सुजलेला, ओढाओढीने आणखी सुजला.

"फोडून टाका की," रावसाहेब म्हणाले.

आई दारात उभी राहिली. "शुक्रवार आहे. घरात लेक माहेरपणाला आलेली आहे. आज या घरात हिरवी बांगडी फुटणार नाही."

"अवो वैनी, मला गाडी हाय."

"मग तशीच घेऊन जा. उद्या सूज उतरली की आपोआप निघेल."

आईपुढे सोसायटीच्या चेअरमनचं काही चाललं नाही. रावसाहेबांनी बाही खाली ओढली, बटण लावलं, दुसऱ्या हाताने ते घट्ट धरलं, आणि तसेच स्टेशनवर गेले. केमपर्यंत त्यांनी तो हात कुणापुढे केला नाही. गावात उतरल्यावर नमस्कारही एका हाताने केले म्हणतात, आणि लोकांना वाटलं चेअरमन आता फारच मोठे झाले. जाताना सोनेरी घड्याळ ते अण्णांच्या पुढ्यात ठेवून गेले होते. आईने चौदाव्याच्या रिकाम्या वाटीत मोहरी भरली होती, ती ओतून अण्णांनी ते तिथे ठेवलं.

इथे प्रकरण संपायला हवं, पण एक गोष्ट मी मागे ठेवली आहे. लग्नानंतर श्रीपूरला आमचा संसार मांडून झाला त्या सकाळी मी माधवला किती वाजले म्हणून विचारलं. त्याने चौदाव्यात पाहून नऊ वीस सांगितलं. मी डाळ शिजवली, भात केला, केर काढला आणि पुन्हा विचारलं. नऊ वीस. त्याने किल्ली दिली, ती नुसतीच फिरली. कानाला लावलं. मग ते प्रयोगशाळेत घेऊन गेला, साखरेचे नमुने तोलायच्या काट्यावर आधी तोललं, आणि पाठ उघडली. आत मशीन नव्हतं. काटे तबकडीला चिकटवलेले होते, आणि मशीनच्या जागी स्वच्छ कापसाची घडी बसवली होती.

त्याने अण्णांना पत्र लिहून कळवलं. उलट टपाली कार्ड आलं, ते अजून माझ्याकडे आहे. चि. माधवराव यांस अनेक आशीर्वाद. चावत होतं ते मशीनच. काढल्यापासून त्रास गेला. बाकी क्षेम. कापूस दरवर्षी उन्हाळ्याआधी बदलावा, घामाने ओला राहतो.

घड्याळ आजही माधवच्या हातात आहे. वेळ तो मोबाइलवर बघतो. पट्टा मी तीनदा नवीन शिवला आहे, माझ्याच साड्यांच्या काठांचा. यंदाचा कापूस बदलून झाला.